एच-अल्फा मिसळलं की सगळंच गुलाबी: नॅरोबँड आणि आरजीबी एकत्र करताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

मृग नक्षत्रातल्या हॉर्सहेड (घोड्याचं डोकं) तेजोमेघाचा आरजीबी फोटो, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलचा साधा रंगीत फोटो, एकटा पाहिला तर ठीक वाटतो. अल्निटाक तारा निळसर पांढरा, त्याच्या पूर्वेला फ्लेम तेजोमेघ पिवळट नारिंगी, घोड्याच्या डोक्याच्या ईशान्येला एनजीसी २०२३ चा निळा धूसर ठिपका, आणि मागचा आयसी ४३४ चा लाल पडदा जरा फिका. पडदा खुलावा म्हणून एच-अल्फाचे, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेपुरत्या अरुंद (नॅरोबँड) फिल्टरमधून घेतलेले, दोन-तीन तास लाल चॅनलमध्ये मिसळले की पडदा खुलतो खरा, पण एनजीसी २०२३ गुलाबी होतो, फ्लेम विटकरी होतो, ताऱ्यांभोवती निळसर कडी उमटतात आणि आकाशाला तांबूस झाक येते. मग प्रमाण बदलण्याचा खेळ सुरू होतो: ३० टक्के, ५० टक्के, ७० टक्के. कमी केलं तर पडदा फिका, वाढवलं तर सगळं गुलाबी. मधला योग्य आकडा सापडत नाही, कारण तो नसतोच. आपण जे मिसळतोय त्यातच घोळ आहे.

आधी खात्री करा

एच-अल्फाचा स्टॅक (अनेक फोटो एकावर एक रचून झालेलं चित्र) उघडा आणि फक्त स्क्रीनपुरता ऑटोस्ट्रेच लावा, म्हणजे अंधूक भाग दिसतील एवढं चित्र उजळा. एनजीसी २०२३ दिसतो का? दिसतोच. तो परावर्तन तेजोमेघ आहे. त्याच्या आतल्या ताऱ्याचा प्रकाश धुळीवर पडून आपल्याकडे येतो, तिथे स्वतः चमकणारा हायड्रोजन फारसा नाही. तरीही एच-अल्फाच्या फ्रेममध्ये तो पांढरा धब्बा म्हणून हजर असतो. हा धब्बा जसाच्या तसा लाल चॅनलमध्ये गेला की निळ्यात लाल पडतो आणि गुलाबी तयार होतो.

मृग नक्षत्र मावळल्यावर हीच परीक्षा ट्रिफिडवर, म्हणजे एम २० वर घेता येते. एप्रिल-मेमध्ये पावसाचे ढग यायच्या आधी तो पहाटे गोव्याच्या दक्षिण आकाशात ५१ अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेचा भाग लाल, उत्तरेचा निळा, दोन्ही एकाच चौकटीत. एच-अल्फा मिसळल्यावर उत्तरेचा भाग निळा राहिला तर तुमची पद्धत बरोबर. जांभळा झाला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एच-अल्फाच्या फ्रेममध्ये नुसता हायड्रोजन नसतो

एच-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर आहे. ७ नॅनोमीटरचा फिल्टर तिच्या दोन्ही बाजूंचा साडेतीन-साडेतीन नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडतो, मग तो कुठूनही आलेला असो. तारे सगळ्याच तरंगलांबींवर प्रकाश देतात, ताऱ्यांचा प्रकाश परतवणारी धूळही तसंच करते, आणि दीर्घिकेचा गाभा म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचाच प्रकाश. या अखंड प्रकाशाला कंटिन्युअम म्हणतात. तुमच्या एच-अल्फामध्ये हायड्रोजनची रेषा अधिक कंटिन्युअमचा एक तुकडा, असं दोन्ही मिसळलेलं असतं.

तुकडा किती मोठा? लाल फिल्टर साधारण १०० नॅनोमीटर रुंद असतो. एक्स्पोजर सारखं असेल तर लाल फिल्टरमधून येणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाचा ७ टक्के भाग एच-अल्फामधून येतो. ७ टक्के क्षुल्लक वाटतात. पण एच-अल्फाचा एकेक सब (स्टॅकमधला एक सुटा फोटो) ३०० सेकंदांचा असतो आणि लालचा ६० सेकंदांचा. पाचपट एक्स्पोजर म्हणजे ३५ टक्के. लाल चॅनलमध्ये जेवढा तारा आहे त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त तारा तुम्ही वरून पुन्हा ओतत असता, आणि धुळीच्या निळ्या ढगाचंही तेच होतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्टारनेट या तारे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने एच-अल्फातले तारे काढून टाकले की काम झालं, असं समजलं जातं. तारे जातात, कडीही जातात. एनजीसी २०२३ मात्र जागेवरच राहतो, कारण स्टारनेटच्या लेखी तो तेजोमेघ आहे. कंटिन्युअम वजा केल्याशिवाय हा गुलाबीपणा जात नाही.

वजाबाकी लिनिअर चित्रावरच

लिनिअर म्हणजे अजून स्ट्रेच न केलेलं चित्र. अनेक जण आरजीबी आणि एच-अल्फा आधी वेगवेगळे स्ट्रेच करतात आणि मग फोटोशॉप किंवा गिंपमध्ये लेयर लावून अंदाजाने वजा करतात. तिथे ते जमत का नाही ते आकड्यांतच पाहा. लाल चॅनलमध्ये एका अंधूक ताऱ्याची किंमत ०.०२ आहे आणि एच-अल्फामध्ये तिच्या ०.३६ पट, म्हणजे ०.००७२. दोन्हींना मिडटोन ०.०१ ठेवून स्ट्रेच केलं तर त्या ०.६७ आणि ०.४२ होतात. गुणोत्तर ०.६२. आता तेजस्वी तारा घ्या: लालमध्ये ०.२, एच-अल्फामध्ये ०.०७२. स्ट्रेचनंतर ०.९६ आणि ०.८८, गुणोत्तर ०.९२. लिनिअर चित्रात दोन्ही ताऱ्यांचं गुणोत्तर एकच होतं, स्ट्रेचनंतर प्रत्येक तेजस्वितेला वेगळं. आता कुठलाही एक आकडा घेऊन वजा करा, काही तारे काळे पडणार आणि काही उरणार.

तयारी, आणि ती कुठे फसते

सगळे चॅनल एकाच संदर्भ फ्रेमवर अलाइन करा. तीच फ्रेम आर, जी, बी आणि एच-अल्फाला. आरजीबी वेगळं आणि एच-अल्फा वेगळं अलाइन करून शेवटी जोडू नका.

मग ग्रेडियंट, म्हणजे चौकटीत एका बाजूने चढत जाणारा आकाशाचा उजेड. पर्वरीहून दक्षिणेकडे कॅमेरा लावला की पणजीचा उजेड खालून चढतो, म्हापसा-कळंगुटच्या बाजूला पश्चिमेकडून. पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशाचा एक टोकदार उंचवटा ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि दुसरा पसरट उंचवटा हिरव्या-पिवळ्यात. ६५६ च्या खोल लालमध्ये त्यांचा जोर ओसरलेला असतो. त्यामुळे ग्रेडियंट निळ्या-हिरव्यात दाट आणि एच-अल्फात विरळ येतो. तो प्रत्येक चॅनलमधून वेगळा काढल्याशिवाय जोडलं तर चौकटीचा एक कोपरा हिरवट आणि समोरचा किरमिजी दिसतो, आणि दोष एच-अल्फाला दिला जातो.

एच-अल्फातून ग्रेडियंट काढताना मात्र हात राखून. मृगातल्या चौकटीत जवळपास सगळीकडे हायड्रोजन पसरलेला आहे. वरच्या घाताचा बहुपदी वापरला तर सॉफ्टवेअर तेजोमेघालाच ग्रेडियंट समजून खाऊन टाकतं. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये पहिला घात, म्हणजे सपाट उतार, एवढाच घ्या. ग्रॅक्सपर्ट हे ग्रेडियंट काढणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याने काढलेली पार्श्वभूमी वेगळी उघडून पाहा. तिच्यात आयसी ४३४ चा आकार दिसत असेल तर तो निकाल टाकून द्या.

फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग सुधारण्यासाठी एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो, प्रत्येक फिल्टरचे स्वतंत्र हवेत. पांढऱ्या एलईडी पॅनलमध्ये खोल लाल कमी असतो, म्हणून एच-अल्फाच्या फ्लॅटला बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्याच वेळेचे, पण झाकण लावून घेतलेले डार्क-फ्लॅटही घ्या. वेळ वाचवायला लालचेच फ्लॅट एच-अल्फाला लावले तर फिल्टरवरच्या धुळीची गोल वलयं वजाबाकीनंतर ठसठशीत उठतात. आपल्याकडच्या दमट हवेत आणखी एक त्रास होतो. रात्रीचं तापमान २२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू १९ च्या वर जातो. अशा रात्री कॅमेरा उणे १० वर नेण्याचा हट्ट धरला तर सेन्सरच्या काचेवर दव किंवा बर्फाची नक्षी धरते. नक्षी तासातासाला बदलते, त्यामुळे कोणताही फ्लॅट तिला लागू पडत नाही. शून्य अंशांवर थांबा आणि कॅमेऱ्यातल्या ओलावा शोषणाऱ्या गोळ्या पावसाळा संपल्यावर सुकवून घ्या. डार्क करंट थोडा वाढतो, पण डार्क फ्रेम त्याची काळजी घेतात. बर्फाची काळजी कोणीच घेत नाही.

यानंतर आरजीबी जोडून स्पेक्ट्रोफोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन करा. ते गाया उपग्रहाने नोंदवलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांवरून रंग ठरवतं, म्हणून एच-अल्फा मिसळण्याआधीच व्हायला हवं. मग तिन्ही चॅनल पुन्हा वेगळे काढा. पुढचं सगळं मोजमाप या कॅलिब्रेट केलेल्या लाल चॅनलवर करायचं. कॅलिब्रेशनने लालला एका आकड्याने गुणलेलं असतं, आधीच्या लालवरून काढलेलं गुणोत्तर इथे चालणार नाही.

गुणोत्तर मोजणं

सूत्र एवढंच आहे. नावं वाचण्याच्या सोयीसाठी मराठीत दिली आहेत, पिक्सेल मॅथमध्ये (चित्रांवर सूत्र चालवणाऱ्या साधनात) तुमच्या फाइलींची नावं टाका:

शुद्ध = एचए − क × (आर − आर_आकाश)

क म्हणजे एच-अल्फातल्या ताऱ्याचं लालमधल्या त्याच ताऱ्याशी असलेलं गुणोत्तर. आर_आकाश म्हणजे लाल चॅनलमधल्या रिकाम्या आकाशाची किंमत. इथे संपूर्ण चित्राचा मध्यक टाकायची सवय घातक आहे. तेजोमेघाने भरलेल्या चौकटीत मध्यक हा आकाशाचा नसून तेजोमेघाचा असतो. हॉर्सहेडच्या पूर्वेकडचा काळा भाग पाहा, त्यात ५० गुणिले ५० पिक्सेलचा तारे नसलेला तुकडा निवडा, आणि त्याचाच मध्यक घ्या. एच-अल्फाच्या आकाशाची किंमतही त्याच तुकड्यावरून टिपून ठेवा, ती पुढे लागेल.

फिल्टरच्या रुंदीवरून क चा अंदाज येतो: ३०० भागिले ६०, गुणिले ७ भागिले १००, म्हणजे ०.३५. गेन (कॅमेरा संकेत किती वाढवतो ते) दोन्हींना सारखा असेल तरच हे बरोबर, आणि स्टॅक करताना आउटपुट नॉर्मलायझेशन (किमती ० ते १ मध्ये ताणणं) चालू राहिलं असेल तर हा हिशेब कोलमडतो. म्हणून अंदाज फक्त ताळ्यासाठी ठेवा आणि क ताऱ्यांवरून मोजा.

सिरिलमध्ये तारा चौकटीत घेऊन पीएसएफ (ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार) काढला की सापेक्ष प्रत, म्हणजे तेजस्वितेचं माप, मिळते. तोच तारा लालमध्ये आणि एच-अल्फामध्ये मोजा. समजा एच-अल्फातली प्रत १.१ ने जास्त, म्हणजे तारा तेवढा मंद आला. गुणोत्तर = १० चा उणे ०.४ गुणिले १.१ वा घात = ०.३६. अंदाज ०.३५, मोजमाप ०.३६, ताळा जमला. ०.९ किंवा ०.०५ असं काही आलं तर कुठेतरी गेन, नॉर्मलायझेशन किंवा चुकीची फाइल आहे. पुढे जाऊ नका.

कमीत कमी दहा तारे मोजा आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या. तारे तेजोमेघाच्या बाहेरचे असावेत आणि त्यांचं शिखर कमाल किमतीच्या ६० टक्क्यांखाली असावं. मध्यकाचा आग्रह यासाठी की तारे एकसारखे नसतात. पांढऱ्या, ए वर्गाच्या ताऱ्यांच्या वर्णपटात ६५६.३ वरच शोषणाची रुंद खाच असते, त्यामुळे ते एच-अल्फात अपेक्षेपेक्षा मंद येतात. ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये हा फरक आणखी ठळक होतो, कारण खाच फिल्टरचा मोठा हिस्सा व्यापते. उलट काही बी वर्गाचे तारे स्वतःच हायड्रोजनची रेषा फेकतात. शर्मिष्ठेतला गॅमा हा त्यातला प्रसिद्ध तारा. तो वजाबाकीनंतर उजळ उरला तर ती चूक नाही, तो तिथे खरोखर तसाच आहे.

लालमध्येही थोडा हायड्रोजन असतोच, मग वजाबाकीत तो कमी होत नाही का? होतो, साधारण ७ टक्के, आणि सगळीकडे एकाच प्रमाणात. त्याने आकार बदलत नाही, म्हणून तो सोडून द्यायचा.

पिक्सेल मॅथमध्ये रीस्केलची खूण बंद ठेवा. चालू राहिली तर चित्र ० ते १ मध्ये ताणलं जातं आणि मोजलेले सगळे आकडे निरर्थक होतात.

उरलेलं चित्र वाचायला शिका

वजाबाकीनंतरचं चित्र ऑटोस्ट्रेच करून १०० टक्क्यांवर नेऊन पाहा. या कामातलं सगळ्यात उपयोगी पाऊल हेच आहे, आणि नेमकं हेच घाईत टाळलं जातं. आयसी ४३४ चा पडदा तसाच हवा, एनजीसी २०२३ जवळजवळ विरघळलेला हवा, आणि ताऱ्यांच्या जागी फार तर बारीक खुणा. त्या खुणांचा आकार काय बिघडलं ते सांगतो.

सगळेच तारे काळे खड्डे झाले असतील तर क जास्त आहे. सगळेच पांढरे उरले असतील तर कमी. ०.०१ च्या पायरीने हलवा. मोजमाप नीट असेल तर दोन-तीन पायऱ्यांपलीकडे जावं लागत नाही.

एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळी कोर दिसत असेल तर अलाइनमेंट चुकली आहे. सगळ्या चौकटीत कोर एकाच दिशेला असेल तर साधं सरकलेलं आहे, पुन्हा अलाइन करा. मध्यभागी सगळं स्वच्छ आणि कोपऱ्यांत कोर बाहेरच्या दिशेला असेल तर लेन्सची विकृती फिल्टरप्रमाणे बदलते आहे. पिक्सइनसाइटच्या स्टार अलाइनमेंटमधली विकृती-दुरुस्ती चालू करावी लागेल.

मध्यभागी पांढरा ठिपका आणि भोवती काळं कडं म्हणजे एच-अल्फातले तारे लालपेक्षा टोकदार आहेत. हे नेहमीचं आहे. असं चित्र मिसळलं की ताऱ्याच्या गाभ्यात लाल ठिपका आणि भोवती निळसर कडं येतं, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली कडी हीच. उलट, मधे काळा ठिपका आणि भोवती पांढरं कडं असेल तर एच-अल्फा जास्त पसरट आहे. एच-अल्फाला पुन्हा फोकस न करता लालच्याच फोकसवर घेतलं की असं होतं. दवामुळेही होतं. संध्याकाळी आरजीबी घेतलं आणि मध्यरात्रीनंतर, लेन्सवर दव बसायला लागल्यावर एच-अल्फा, तर एच-अल्फाचे तारे फुगलेले असणारच. ड्यू हीटर सुरुवातीपासून चालू ठेवा, आणि एका रात्रीत दोन्ही घेत असाल तर फिल्टर आलटून पालटून फिरवा.

गोव्यात आणखी एक कारण नेहमी आड येतं. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो, बहुतेक ठिकाणी माडांच्या किंवा डोंगराच्या आड. ध्रुवीय संरेखन, म्हणजे दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं, अंदाजावर राहतं. मग ६० सेकंदांच्या लाल सबमध्ये तारे गोल येतात आणि ३०० सेकंदांच्या एच-अल्फात कोपऱ्यांतले तारे लांबट, कारण गाइडिंग मधला तारा धरून ठेवतं आणि चौकट त्याच्याभोवती हळूहळू फिरते. वजाबाकीत कोपऱ्यांतला प्रत्येक तारा दोन टोकांना पांढरा दिसतो. ध्रुवतारा न दिसताही संरेखन करता येतं: प्लेट-सॉल्व्हिंगवर (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखण्यावर) चालणारं संरेखन किंवा ड्रिफ्ट पद्धत (तारा किती सरकतो ते पाहून जुळवणं). तोपर्यंत एच-अल्फाचे सब १२० सेकंदांचे घ्या. मात्र मग क चा अंदाजही बदलतो: १२० भागिले ६० गुणिले ०.०७, म्हणजे ०.१४.

ताऱ्यांची रुंदी जुळवायची असेल तर टोकदार चित्र थोडं धूसर करून पसरट चित्राच्या पातळीवर आणतात. एच-अल्फाची एफडब्ल्यूएचएम (ताऱ्याची निम्म्या उंचीवरची रुंदी) २.६ पिक्सेल आणि लालची ३.३ असेल, तर वर्गांची वजाबाकी १०.८९ − ६.७६ = ४.१३, वर्गमूळ २.०३, आणि ते २.३५५ ने भागलं की गॉसियनचा सिग्मा ०.८६. गणित बरोबर आहे, पण यात एच-अल्फातला बारीक तपशील जातो. घोड्याच्या मानेवरचे धागे ज्यासाठी दोन रात्री जागवल्या तेच पुसायचे, हे पटत नाही. त्याऐवजी पुढचा मार्ग चांगला.

राहिला अल्निटाक. बाकी सगळं स्वच्छ, पण तेजस्वी तारे मात्र पांढरे ढेकूळ म्हणून उरलेले दिसतात. लालमध्ये ते संपृक्त झालेले असतात, म्हणजे त्यांची लाल किंमत खऱ्यापेक्षा कमी नोंदली जाते आणि पुरेसं वजा होत नाही. फिल्टरमधल्या परावर्तनाचं मोठं गोल वलयही इथेच दिसतं. क बदलून हे जाणार नाही. क इथे जुळवायला गेलात तर बाकीची सगळी चौकट बिघडेल.

तारे बाजूला काढून मिसळणं

क ताऱ्यांसह असलेल्या चित्रांवरून मोजून झाला की मगच तारे काढा. आरजीबी आणि एच-अल्फा दोन्हींवर स्टारनेट चालवा. चित्र लिनिअर असल्यामुळे सिरिलमध्ये आधी स्ट्रेच करून नंतर परत फिरवण्याचा पर्याय निवडावा लागतो. मूळ आरजीबीतून ताराविरहित आरजीबी वजा केलं की ताऱ्यांचं वेगळं चित्र मिळतं, ते जपून ठेवा. आता वरचं सूत्र ताराविरहित चित्रांवर, त्याच क ने चालवा. कड्यांचा प्रश्नच उरत नाही, धुळीचा प्रकाश वजा होतो आणि एच-अल्फाचा टोकदारपणा टिकतो.

अल्निटाकभोवतीचं वलय स्टारनेट बहुतेक वेळा तेजोमेघ समजून मागे ठेवतं. त्यावर कडा मऊ केलेला गोल मास्क टाकून शुद्ध चित्रात तेवढी जागा आजूबाजूच्या पातळीवर आणा.

मग मिसळा:

आर_नवा = आर + म × (शुद्ध − एचए_आकाश)

बी_नवा = बी + ०.२ × म × (शुद्ध − एचए_आकाश)

एचए_आकाश वजा केलं नाही तर एच-अल्फाची सगळी पार्श्वभूमी लालमध्ये चढते. आकाशाची तांबूस झाक बहुतेकदा एवढ्यानेच आलेली असते.

म किती? इथे अंदाज लढवायची गरज नाही. एच-अल्फा ३०० सेकंदांचं आणि लाल ६० चं असेल, आणि कॅलिब्रेशनने लालला फारसं हलवलं नसेल, तर म = ०.२ ठेवल्यावर लालमध्ये आधीच असलेल्या हायड्रोजनएवढाच हायड्रोजन वर पडतो, म्हणजे दुप्पट. ०.४ ला तिप्पट, ०.६ ला चौपट. ०.४ पासून सुरुवात करा. हॉर्सहेडला तेवढं पुष्कळ होतं. एम ३३ सारख्या दीर्घिकेत एनजीसी ६०४ आणि बाकीचे छोटे लाल ठिपके उठवायचे असतील तर ०.६ च्या पुढेही जाता येतं, कारण शुद्ध चित्रात गाभा उरलेलाच नसतो आणि तो लाल होण्याची भीती नसते.

निळ्यातला वाटा सौंदर्यासाठी नाही. जिथे एच-अल्फा आहे तिथे ४८६.१ नॅनोमीटरवर एच-बीटाही असतो, धूळ नसेल तर एच-अल्फाच्या सुमारे एक तृतीयांश, नेमकं सांगायचं तर १ भागिले २.८६. वाटेतली धूळ निळा जास्त शोषते, म्हणून मृगात ०.२ पुरे. हा वाटा दिला नाही तर तेजोमेघ शेंदरी विटेसारखा दिसतो. दिला की हायड्रोजनचा खरा गुलाबीसर लाल येतो. हा गुलाबी आपल्याला हवा आहे, कारण तो फक्त हायड्रोजनच्या जागी आहे.

ताराविरहित चित्र आणि ताऱ्यांचं चित्र वेगवेगळं स्ट्रेच करा आणि शेवटी स्क्रीन पद्धतीने जोडा: १ − (१ − मेघ) × (१ − तारे). साधी बेरीज केली तर ताऱ्यांचे गाभे पांढरे फुटतात.

दोन जुने मार्ग अजून सुचवले जातात. लाल आणि एच-अल्फा यांतली मोठी किंमत घेण्याचा मार्ग जिथे एच-अल्फाचा नॉइज लालच्या वर डोकावतो तिथे नॉइजच निवडतो. एच-अल्फालाच ल्युमिनन्स (चित्राची उजळता) म्हणून लावण्याचा मार्ग याहून वाईट: लाल भाग उजळून सामन माशाच्या रंगाचा होतो आणि निळे भाग काळवंडतात. आरजीबीच्या फोटोसाठी दोन्ही सोडून द्यावेत असं स्पष्ट मत आहे.

रंगीत कॅमेरा आणि ड्युअल-बँड फिल्टर

मोनो कॅमेरा आणि फिल्टर व्हील परवडत नाही म्हणून अनेक जण रंगीत कॅमेऱ्यावर ड्युअल-बँड फिल्टर लावतात, जो एच-अल्फा आणि ऑक्सिजनची ओ-थ्री रेषा एकदम आत सोडतो. तो निर्णय चांगलाच आहे. चूक होते ती सबचं डिबेयर करून मग लाल चॅनलला एच-अल्फा म्हणण्यात. डिबेयर करताना शेजारच्या पिक्सेलवरून रंग भरले जातात आणि एच-अल्फात ओ-थ्री मिसळतो. सिरिलमध्ये सब कॅलिब्रेट करा, पण डिबेयर करू नका. त्याच अवस्थेत एच-अल्फा आणि ओ-थ्री वेगळं काढण्याचा पर्याय वापरा. एच-अल्फा चारातल्या एकाच पिक्सेलवरून येतो, म्हणून त्याची लांबी-रुंदी निम्मी असते. काढतानाच आकार वाढवण्याचा पर्याय निवडा, किंवा पुढच्या अलाइनमेंटमध्ये आरजीबीच्या मापावर आणा. मापं जुळली नाहीत की पिक्सेल मॅथ चालतच नाही, आणि घाईत केलेल्या क्रॉपमुळे सगळे तारे कोर दाखवायला लागतात.

रंगीत कॅमेऱ्याच्या लाल पिक्सेलची रुंदी मोनोच्या लाल फिल्टरसारखी स्वच्छ नसते, म्हणून रुंदीवरून क चा अंदाज इथे धरू नका. फक्त ताऱ्यांवरून मोजा. आरजीबीसाठी त्याच कॅमेऱ्यावर नुसता यूव्ही-आयआर कट फिल्टर लावून घेतलेले सब वापरा, आणि ते शक्यतो पणजी-पर्वरीहून न घेता सत्तरीतून किंवा काणकोणातून घ्या. एच-अल्फा गावातल्या गच्चीवरून, चांदण्यातही चालतो. रंगासाठी मात्र अंधाराला पर्याय नाही. वाळपईच्या पुढे किंवा नेत्रावळीच्या बाजूला अमावास्येच्या आसपास मिळालेले दीड-दोन तास गच्चीवरच्या पाच रात्रींपेक्षा जास्त रंग देतात.

ओ-थ्रीचंही गणित हेच, फक्त वजा करायचा कंटिन्युअम लालऐवजी हिरव्या चॅनलवरून घ्यायचा आणि क वेगळा मोजायचा. ५००.७ नॅनोमीटर बऱ्याच फिल्टर संचांत हिरव्या आणि निळ्या दोन्हींत येतो, म्हणून शुद्ध ओ-थ्री जी आणि बी मध्ये समसमान मिसळा. एकट्या निळ्यात टाकला तर शाईसारखा निळा येतो, दोन्हींत टाकला की खरा मोरपंखी. मृगाच्या पट्ट्यापाशी ओ-थ्री फारसा नाही. तिथे तो मिसळायचा प्रयत्न म्हणजे नॉइज मिसळणं. रोझेट किंवा व्हेल (Veil) तेजोमेघ असेल तर मात्र जरूर.

एक शेवटची बाब जलद लेन्सवाल्यांसाठी. एफ/२ च्या आसपासच्या दुर्बिणीत प्रकाश तिरका येतो आणि नॅरोबँड फिल्टरची खिडकी कमी तरंगलांबीकडे सरकते. ३ नॅनोमीटरचा साधा फिल्टर असेल तर रेषेचा काही भाग खिडकीबाहेर जातो, पण कंटिन्युअम तेवढाच येत राहतो. क अंदाजाइतकाच निघतो, तारे नीट वजा होतात, आणि तरीही तेजोमेघ फिका राहतो. असं झालं तर म वाढवत बसू नका. त्या दुर्बिणीच्या एफ-अंकासाठी बनवलेला फिल्टर, किंवा ७ नॅनोमीटरचा, लावून एक रात्र पुन्हा घ्या.